जुनी टर्बो डिझेल गाडी घाटात दम का टाकते? टर्बो बदलण्याआधी काय तपासायचं?

बारा-तेरा वर्षांची डिझेल गाडी सपाट रस्त्यावर नीट चालते. खंबाटकी किंवा कसारा घाट लागला की मात्र तिचा जोर जातो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, मागे काळा धूर सुटतो आणि बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये नेल्यावर बऱ्याचदा दोन शब्दांत निदान होतं : टर्बो गेला.

नवा टर्बो बसवायचा म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. हा खर्च आणि गाडीची आजची बाजारातली किंमत शेजारी ठेवली की अनेक जण गाडी विकायचाच विचार करू लागतात. पण वरची सगळी लक्षणं टर्बो ठणठणीत असतानाही दिसू शकतात. टर्बोने दाबलेली हवा इंजिनपर्यंत नेणाऱ्या रबरी पाईपला चीर गेली किंवा त्याची क्लिप सैल झाली, तरी गाडी अशीच वागते. हा पाईप टर्बोच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो.

मग बिघाड पाईपमध्ये आहे, टर्बोमध्ये आहे की इंजिनच थकलंय, हे ओळखायचं कसं?

कोणत्या गाड्यांची ही गोष्ट आहे?

भारतातल्या जुन्या टर्बो गाड्यांबद्दल बोलताना एका इंजिनाला टाळून पुढे जाता येत नाही. ते म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन. मारुतीने ते डीडीआयएस या नावाने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ आणि एर्टिगामध्ये वापरलं. टाटांनी क्वाड्राजेट या नावाने ते इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्ये दिलं. फियाटच्या पुंतो आणि लिनियामध्ये तर ते होतंच. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत एकच इंजिन, म्हणून गाडीवेड्यांनी त्याचं नाव 'राष्ट्रीय इंजिन' ठेवलं. पुण्याजवळ रांजणगावला ते तयार व्हायचं, तर मारुती स्वतःसाठी मानेसरला बनवायची. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ नियम आले आणि भारतात या इंजिनाचा प्रवास संपला. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी या इंजिनाची प्रत्येक गाडी आता जुनी गाडी आहे.

या इंजिनाचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होते. ७५ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो होता. ९० पीएसच्या इंजिनात आतल्या पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता, ज्याला व्हीजीटी म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण एकाच प्रकारचा फाटका पाईप या दोन गाड्यांत अगदी उलटा परिणाम करू शकतो.

टर्बोची हवा जाते कुठून?

सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर टर्बोच्या एका बाजूचं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसवलेलं चाक बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार आणि जास्त ताकद मिळणार. छोट्या गाड्यांचे टर्बो मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. हा दांडा बेअरिंगमध्ये इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्यामुळे ऑईल खराब किंवा कमी असेल तर सगळ्यात आधी टर्बो भोगतो.

हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, तसंच. म्हणून अनेक गाड्यांत ही हवा आधी इंटरकूलर नावाच्या जाळीत थंड होते आणि मग इंजिनात जाते. एअर फिल्टर ते टर्बो, टर्बो ते इंटरकूलर, इंटरकूलर ते इंजिन असा हा प्रवास रबरी आणि प्लास्टिकच्या पाईपांतून होतो.

टर्बोच्या आधीच्या पाईपमध्ये हवा आत ओढली जाते. तिथे चीर पडली तर फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आदळते. टर्बोच्या पुढच्या पाईपमध्ये मात्र हवेचा दाब असतो, साधारण वातावरणाच्या दाबाइतका किंवा त्याहून थोडा जास्त. तिथे चीर पडली की दाबलेली हवा बाहेर सुटते. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं हवा मिळतेय, तो त्या हिशेबाने डिझेल सोडतो, प्रत्यक्षात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. काळा धूर आणि गेलेला पिकअप एकत्र दिसतात ते यामुळेच.

(नव्या बीएस ६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यामुळे धुराची ही खूण तिथे चालत नाही. जुन्या गाडीचा हा एक फायदाच म्हणायचा.)

आधी डोळ्यांनी बघा

इंजिन बंद आणि थंड असताना बॉनेट उघडा. टॉर्च घ्या आणि टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या प्रत्येक पाईपवरून हात फिरवा, विशेषतः खालच्या बाजूने. चिरा बहुतेक वेळा वरून दिसत नाहीत. त्या वळणाच्या आतल्या बाजूला, क्लिपच्या कडेला किंवा पाईप बॉडीला घासतो तिथे असतात. पाईप दाबून बघा. जुनं रबर कडक होऊन तडकतं, आणि ऑईल पिऊन फुगलेलं रबर हाताला लिबलिबीत लागतं. दोन्ही बदलण्याच्याच लायकीची.

चीर सापडली नाही तरी तिची खूण सापडते. जिथून हवा सुटते तिथे तेलकट, काळपट ओल जमते आणि तिच्यावर धूळ चिकटते. बाकी सगळीकडे कोरडी धूळ आणि एकाच जोडावर तेलाचा डाग असेल तर तोच जोड आधी उघडून बघा.

इथे एक गैरसमज महागात पडतो. पाईप काढल्यावर आत तेलाचा पातळ थर दिसला की 'टर्बो ऑईल फेकतोय' असं सांगितलं जातं. पण इंजिनात तयार होणारी वाफ ब्रीदरच्या पाईपमधून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी सोडलेली असते आणि तिच्यासोबत थोडं तेल येतंच. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत पाईपला आतून तेलाचा हात लागणं स्वाभाविक आहे. पाईप उलटा केल्यावर तेल ओघळायला लागलं, तर मात्र काळजी करायला हवी.

आणखी एक कारण हसण्यावारी नेऊ नका : उंदीर. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत व्हॅक्यूमचे बारीक पाईप आणि वायरी कुरतडल्या जाणं ही गॅरेजवाल्यांच्या रोजच्या अनुभवातली गोष्ट आहे.

उभ्या गाडीत लीक का सापडत नाही?

गॅरेजमध्ये गाडी न्यूट्रलला ठेवून रेस करतात, कान देतात आणि 'पाईप ठीक आहे' असं सांगतात. या तपासणीवर फार भरवसा ठेवता येत नाही. आयडलिंगला टर्बो जवळजवळ दाब तयारच करत नाही, आणि न्यूट्रलमध्ये रेस केली तरी इंजिनावर भार नसल्यामुळे दाब पुरेसा चढत नाही. बारीक चीर ही दाबाखालीच उघडते. म्हणून आयडलिंगला साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधण्यातही फारसा अर्थ नाही.

खरी तपासणी इंजिन बंद ठेवून होते. एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून टर्बोच्या तोंडावर व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावतात आणि त्यातून नियंत्रित दाबाने हवा भरतात, साधारण १० ते १५ पीएसआय. कारच्या टायरमध्ये ३० पीएसआयच्या वर हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या निम्माच. मग साबणाचं पाणी मारलं की फुटक्या जागी बुडबुडे येतात. ब्रीदरचा पाईप आधी बंद करावा लागतो, नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात शिरते आणि सील उखडू शकतात. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावणं हा तर चांगले पाईप फोडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. काही गॅरेजमध्ये धूर सोडणारं मशीन असतं. त्यात पाईपमध्ये धूर भरतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. सोय असेल तर तेच उत्तम.

बारीक पाईप, मोठा गोंधळ

डिझेल इंजिनात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार करायला वेगळा पंप असतो. ९० पीएसच्या व्हीजीटी टर्बोची पातीही याच व्हॅक्यूमवर हलतात. पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी रबरी नळी तिथे जाते. ती तडकली की पाती हलत नाहीत, दाब तयार होत नाही आणि गाडी थेट टर्बो नसल्यासारखी वागते. सोबत ब्रेकचं पेडल कडक लागत असेल तर संशय आणखी पक्का होतो.

७५ पीएसच्या साध्या टर्बोत गणित उलटं आहे. तिथे दाब प्रमाणाबाहेर गेला की वेस्टगेट नावाची झडप उघडते, आणि ती उघडायला टर्बोचाच दाब एका बारीक नळीतून जातो. ही नळी फाटली तर झडपेला निरोपच पोहोचत नाही आणि दाब वाढतच जातो. मग कॉम्प्युटर इंजिनाला वाचवण्यासाठी जोर आवरून घेतो. याला लिंप मोड म्हणतात. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ती काही वेळ झकास चालते आणि पुढच्या चढाला पुन्हा मान टाकते. असा प्रकार होत असेल तर बिघाड यांत्रिक झिजेपेक्षा नियंत्रणाचा असण्याची शक्यता जास्त.

स्कॅनर काय सांगतो आणि काय नाही?

गाडीला स्कॅनर लावल्यावर पी०२९९ हा कोड आला तर त्याचा अर्थ दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. पी०२३४ म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा जास्त. यातला कोणताही कोड 'टर्बो बदला' असं म्हणत नाही. तो फक्त मोजलेली तक्रार सांगतो, कारण शोधायचं काम माणसाचं.

कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे जास्त उपयोगी पडतात. कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी शेजारी बघायचे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढावर, २००० आरपीएमच्या पुढे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा. चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नये.

त्याआधी सेन्सर खरं बोलतोय का, हे एका मिनिटात तपासता येतं. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. दाबाच्या सेन्सरने आता वातावरणाचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १००० हेक्टोपास्कलच्या जरा वर, पुण्याच्या उंचीवर साडेनऊशेच्या आसपास असतो. आकडा भलताच असेल तर सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो बिघडला आहे. अशा सेन्सरच्या भरवशावर टर्बो बदलणं म्हणजे थर्मामीटर खराब असताना तापाचं औषध घेणं.

मागितलेला दाब मिळतोय आणि तरीही गाडी उठत नसेल तर टर्बोचा विषय सोडून द्या. डिझेल फिल्टर तुंबला असेल. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकून उघडा राहिला असेल. किंवा क्लच घसरत असेल. आरपीएम चढतो, वेग चढत नाही आणि धूरही नाही, तर दोष बहुधा क्लचचाच. २००० आरपीएमच्या खाली सुस्ती जाणवणं हा तर या इंजिनाचा जन्मजात स्वभाव आहे, तो आजार नाही.

इंजिनच थकलंय हे कसं ओळखायचं?

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा कूलंट, पण हिवाळ्यातल्या सकाळी पहिली दोन-चार मिनिटं दिसणारी वाफ यात मोजू नका.

निळा धूर दिसला तर दोष टर्बोच्या सीलचा, व्हॉल्व्हच्या सीलचा की पिस्टनच्या रिंगांचा, हे ठरवावं लागतं. इंजिन सुरू असताना ऑईल भरायचं झाकण हळूच सैल करा. थोडी वाफ सगळ्याच डिझेल इंजिनांत येते. पण झाकण उडू लागलं, धुराचे भपकारे येऊ लागले, तर रिंगांमधून दाब खाली उतरतोय. पुढची पायरी कॉम्प्रेशन टेस्ट. तिचा आकडा कागदावर मिळाल्याशिवाय इंजिन खोलायला होकार देऊ नका.

इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमला असेल आणि तालात 'फस फस' आवाज येत असेल तर तांब्याचा वॉशर गेला आहे. हा आवाज टर्बोच्या लीकसारखाच वाटतो, पण तो आयडलिंगलाही ऐकू येतो. सकाळी सुरू होताना पुढच्या बाजूने साखळीचा खडखडाट येत असेल तर तो टायमिंग चेनचा इशारा असू शकतो. या इंजिनात पट्ट्याऐवजी चेन आहे आणि ऑईल वेळेवर न बदललेल्या गाड्यांत ती ताणली जाते.

टर्बो खरोखर गेलाय का, हे तो हातात घेऊनच कळतं. दांडा आडवा किंचित हलणं ठीक आहे, कारण तिथे ऑईलच्या थरासाठी जागा सोडलेली असते. तो पुढे-मागे हलत असेल, पाती घासल्याचे ओरखडे असतील किंवा पाती तुटलेली असतील तर टर्बो गेला. मात्र तो का गेला, हे शोधल्याशिवाय नवा बसवू नये. टर्बोला ऑईल देणारी नळी गाळाने तुंबलेली राहिली तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

यात एक धोका जिवावरचा आहे. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन धावू लागतं. आरपीएम आपोआप चढतो, धुराचा लोट उठतो आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. मॅन्युअल गाडीत अशा वेळी सर्वात वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडला तर इंजिन बंद पडू शकतं. ते जमलं नाही तर सगळ्यांनी उतरून लांब व्हावं. बॉनेट उघडायला जाऊ नये.

पाण्याचे पाईपही त्याच वयाचे

हवेचे पाईप म्हातारे झाले असतील तर रेडिएटरचेही झालेच. कूलंट गळतं तिथे रंगीत, खरखरीत साका जमतो आणि गोडसर वास येतो. अनेक गाड्यांत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलेलं असतं. त्यातले क्षार आणि गंज रेडिएटर तुंबवतात आणि मग घाटात तापमानाचा काटा वर जातो. तापलेल्या गाडीची कॅप कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली उकळतं असतं आणि अंगावर उडतं.

पाणी कमी होतंय पण खाली थेंब नाही, ही तक्रार जास्त गंभीर. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरातच रेडिएटरचा वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड पॅकिंग गेल्याचा संशय घ्या. त्यासाठी टाकीच्या तोंडावर धरायचं रसायनाचं साधं किट मिळतं. जळलेला वायू आला की त्याचा रंग बदलतो. नुसत्या ऑईलच्या झाकणाखालच्या दुधाळ थरावरून निकाल देऊ नका. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो.

एका गळतीला मात्र हातच लावायचा नाही. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत चालू इंजिनात १००० बारच्या वर दाब असतो. तिथली बारीक चिळकांडी कातडी भेदून डिझेल शरीरात सोडते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने ऑपरेशन झालं नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

पाईप बदलताना

टेप गुंडाळणं किंवा एम-सील लावणं हे घरी पोहोचण्यापुरतंच ठीक. टर्बोच्या आधीच्या पाईपवर तर तेही नको, कारण सुटलेला तुकडा थेट पात्यांत ओढला जातो. दिसायला छान म्हणून रंगीत सिलिकॉनचे पाईप विकले जातात, पण साधं सिलिकॉन तेलापुढे टिकत नाही आणि काही महिन्यांत पाझरू लागतं. आतून तेलरोधक अस्तर असेल तरच घ्या, नाहीतर कंपनीचा मूळ पाईप बरा. जुबली क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली तर तीच रबर कापते. पाईपसोबत क्लिपही नवी घ्या आणि जोडाच्या दोन्ही बाजू तेल पुसून कोरड्या करा, नाहीतर पहिल्याच चढाला पाईप निसटतो.

काम झाल्यावर कोड पुसून टाका आणि गाडी त्याच चढावर, त्याच तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा चालवून बघा. मागितलेला आणि मिळालेला दाब आता जुळला पाहिजे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर थंड गाडीत क्लिपा पुन्हा एकदा तपासा, कारण नवं रबर तापून-निवून किंचित बसतं.